पोकळ वाजणारी भिंत

इमारतीच्या बाहेरच्या गिलाव्याला भेगा पडल्या आणि मी घाबरले. तशी मी दूध उतू गेलं तरी घाबरते! पण त्याच भिंतीखाली माझी शाल्मली खेळते. लाटण्याने ठोकून पाहिलं, तर भिंत पोकळ वाजली.

बिल्डर धोंगडेसाहेब हसले. "वहिनी, उन्हाने पडतात हो भेगा. गिलावा पक्का आहे."

"कोरड्या विटांवर थापलात, नंतर पाणीही मारलं नाहीत, म्हणून तो सुटलाय." मी लाटण्याने पुन्हा ठोकून दाखवलं. "पक्का असेल, तर तुमची गाडी इथे लावा. मुलं तुमच्या गाडीच्या जागेत खेळतील."

साहेबांनी वर पाहिलं. "अहो, नवीकोरी गाडी आहे!"

"शाल्मलीही नवीच आहे, साहेब. तीन वर्षांची."

संध्याकाळपर्यंत सुटलेला गिलावा उतरवायला भिंतीला बांबूंची परांची लागली.