गुरुजींनी झाकून ठेवलेले ताट

एकदा एका विणकराने आपल्या वृद्ध गुरुजींना जेवायला बोलावले, आणि गुरुजींनी समोर वाढलेल्या ताटावर दुसरे ताट झाकून ठेवले. असे का झाले, ते सांगण्यासारखे आहे.

विणकराचे नाव रंगनाथ. त्याची पत्नी परगावच्या दवाखान्यात परिचारिका होती. महिन्यातून एखाद-दोनदाच घरी येई. त्यामुळे माग, घर आणि दोन मुले, थोरली सारजा व धाकटा गणू, सगळे त्याच्याच अंगावर होते. सायंकाळी गुरुजींच्या प्रवचनाला तो नेमाने जाई, पण शेवटचा श्लोक सुरू झाला की त्याला चुलीची आठवण होई. तो दबकत उठला की गुरुजी मुद्दाम विचारीत, "आज काय बेत, रंगनाथ?"

"आमच्याकडे दोनच ऋतू, गुरुजी. एक पिठल्याचा, एक खिचडीचा. आज ऋतू बदलतोय."

सगळे हसत, तोही हसे.

एके दिवशी मात्र तो हसला नाही. त्याची थोरली बहीण चंद्राक्का त्याच गावातल्या एका व्यापाऱ्याला दिलेली होती. घर मोठे, स्वयंपाकाला आचारी, पण मूलबाळ नाही. ती आली आणि भाच्यांकडे बघून म्हणाली, "रंगा, पोरांची तोंडं पिठल्यासारखी पिवळी झालीत रे. माझ्याकडे राहू देत. निदान चार चवींचं खातील."

ते शब्द रंगनाथच्या मनाला लागले. त्याने गुरुजींना विचारले, "पाठवू का मुलांना? मला काही त्यांना नीट खाऊ घालता येत नाही."

गुरुजी म्हणाले, "आधी मला जेवायला बोलाव. मग बोलू."

ठरलेल्या दिवशी रंगनाथने माग बंद ठेवला आणि पुरणपोळीचा घाट घातला. शिवाय कटाची आमटी, भजी, कोशिंबीर. सकाळपासून तो घामाघूम झाला होता. पुरण सैल झाले, पोळ्या तव्यावर फुटू लागल्या. सारजा काही विचारायला आली, तर "नंतर!" गणू तोंड दाबून उंबऱ्याशी घुटमळला, तर "लुडबुड नको, बाहेर हो!" दुपारी गुरुजी आले तेव्हा ताटे मांडलेली होती आणि दोन्ही मुले भिंतीला टेकून, पाहुण्यांच्या घरी बसावीत तशी गप्प बसली होती.

गुरुजींनी ताटाकडे पाहिले, मग मुलांकडे. अन्नाला हात जोडले, ताट झाकले आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेले.

रंगनाथचा चेहरा उतरला. "गुरुजी, काही चुकलं का?"

गुरुजी चुलीपुढे बैठक मारून बसले. "सारजा, तुला काय येतं गं करायला?"

"पिठलं," ती हळूच म्हणाली.

"मग चल. मला येत नाही, मला शिकव."

सारजाने फोडणी केली. बेसन कालवायचे काम गुरुजींनी मागून घेतले. "आजोबा, असं नाही, गुठळ्या होतील!" ती ओरडली, आणि गणू खुदकन हसला. हसताना समोरच्या दाताची मोकळी जागा दिसली.

रंगनाथ पुढे सरकला. "अरे, दात कधी पडला?"

"सकाळी," गणूने खिशातून दात काढून दाखवला. "सांगायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, बाहेर हो."

रंगनाथ त्याच्यापुढे खाली बसला. त्याने मुलाला जवळ ओढले आणि तो चिमुकला दात बराच वेळ तळहातावर धरून ठेवला.

गुरुजी पळी फिरवत म्हणाले, "रंगनाथ, प्रवचनाहून परतताना तुझ्या दारावरून मला ऐकू येतं. रोज तू पिठलं ढवळतोस तेव्हा ही मुलं तुझ्याभोवती बसून दिवसभराचं सगळं ओतून टाकतात. त्यावर त्यांचं पोट भरतं. आज ताटात सगळं होतं, पण वाढणारा बाप नव्हता. पक्वान्न जमेल तेव्हा अवश्य कर. पण मुलांना दूर लोटून केलेलं असेल, तर त्यापेक्षा या गुठळ्या बऱ्या."

मग सर्वांनी ते पिठले खाल्ले आणि नंतर झाकलेल्या पोळ्याही संपवल्या. "पोळी मात्र जाड झाली आहे हो," गुरुजींनी जाता जाता प्रामाणिकपणे सांगितले.

दोन दिवसांनी चंद्राक्का होकार गृहीत धरून मुलांचे कपडे न्यायला आली. रंगनाथ नम्रपणे म्हणाला, "आक्का, मुलं इथंच राहतील. तू मात्र आता जेवूनच जा." खिचडी शिजायची होती. तिला पाट न देता मुलांनी आपल्यातच चुलीपाशी बसवून घेतले. गणूने शाळेतली भांडणे सांगितली, सारजाने बाईंची नक्कल केली. मग सारजाने सहज विचारले, "आत्या, तुझ्याकडे आज काय झालं?"

मोठ्या घरात हे आक्काला कुणी विचारत नसे. ती म्हणाली, "माझ्याकडे? आज ना, अंगणातल्या जास्वंदीला पहिलं फूल आलं," आणि पदराने डोळे टिपून सांगू लागली.

खिचडी शिजली होती. रंगनाथने पातेले खाली उतरवले, पण आक्काचे बोलणे पुरे होईपर्यंत वाढायला घेतले नाही.