तान्हेलीचं पहिलं पाणी

काकू, तेवढी बाटली पिशवीत ठेवा. रागावू नका. फार तहान लागली असेल तर मागे त्या बांबूच्या बनापाशी जा, पोटभर प्या, मी थांबतो. या झाडासमोर मात्र माघी पौर्णिमेपासून पुढे कुणी पाणी पीत नाही. गोष्ट ऐकूनच पिते म्हणता? मग बसा इथे कट्ट्यावर. बाकीच्यांनीही टेका. काचघर कुठे पळून जात नाही, आणि कमळांचं तळंही आहे तिथेच राहतं.

मी सोपान लडकत. या बागेत चाळीस वर्षं माळीकाम केलं. आता गुडघे खाली बसू देत नाहीत, म्हणून तुम्हा पाहुण्यांना बाग दाखवत हिंडतो. एवढी मोठी बाग, देशोदेशीची झाडं, पण लोक येतात ते परातीएवढ्या कमळपानांचे फोटो काढतात आणि भेळ खाऊन जातात. या झाडाकडे तर या दिवसांत कुणी ढुंकूनही बघत नाही. बघायचं तरी काय? पान नाही, फूल नाही, नुसत्या उघड्या फांद्या. गेल्या आठवड्यात एक साहेब मला म्हणाले, "अहो, मेलेलं झाड काढून का टाकत नाही?" मी म्हटलं, साहेब, हे तुमच्या आधी एकाने म्हणून पाहिलंय. पाटीवर तिचं शास्त्रातलं लांबलचक नाव आहे, ते मला चाळीस वर्षांत धड म्हणता आलं नाही. आम्ही हिला तान्हेली म्हणतो, म्हणजे तहानलेली.

असं सांगतात की सव्वाशे वर्षांपूर्वी इथे संस्थान होतं आणि ही बाग तेव्हा नुकती खणली जात होती. राणीसाहेबांना झाडांचा भारी नाद. त्यांनी सातासमुद्रापलीकडून रोपं मागवली होती. बोटीने आलेल्या त्या पेट्यांमध्ये एक पेटी वाटेतच फुटली होती. आत सुकल्या गवतात गुंडाळलेली वीतभर काडी निघाली. बागेच्या कारभाऱ्यांनी ती वाकवून बघितली आणि पालापाचोळ्याच्या ढिगावर फेकून दिली.

त्या ढिगाजवळ मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायका काम करत होत्या. त्यांच्यात एक सारजा होती. नवरा गेलेला, पाठीमागे कुणी नाही, खणणं संपलं की पुढे काय हे तिला ठाऊक नव्हतं. तिने ती काडी उचलली म्हणे. का उचलली कोण जाणे. तिने ती फुटक्या माठात लावली आणि सकाळी ओंजळभर, संध्याकाळी ओंजळभर पाणी घालायला लागली. बायका हसायच्या. "सारजे, दातवण पुरलंस का गं?" म्हणायच्या. चाळीस दिवसांनी त्या दातवणाला हिरवा कोंब फुटला.

राणीसाहेब तो बघायला स्वतः आल्या. त्यांनी रोप इथे, बागेच्या मधोमध लावायला सांगितलं आणि सारजेला बारमाही पाणी घालण्याच्या कामावर ठेवलं. पाट्या वाहणारी सारजा माळीण झाली, तिला बागेच्या कडेला राहायला खोली मिळाली. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मी ह्याला वाचिवलं न्हाई, ह्यानं मला वाचिवलं." हे ती विसरली नाही, आणि सगळा घोटाळाही तिथेच झाला.

कारण सारजेच्या मनात एक गोष्ट पक्की बसली की हे झाड पाण्याने जगलं. मग पाणीच द्यायचं. कडक उन्हाळ्यात द्यायचं, थंडीत द्यायचं, पाऊस पडून गेला तरी एक घागर द्यायची. झाड वाढलं, चांगलं दोन पुरुष उंच झालं, बारा महिने हिरवंगार राहायला लागलं. फूल मात्र येईना. रोपं पाठवणाऱ्यांनी राणीसाहेबांना पत्रातून कळवलं होतं की हे झाड फुलतं तेव्हा सोन्याने मढवल्यासारखं दिसतं. त्या दर वर्षी विचारायच्या आणि सारजा खाली मान घालायची. अशी बारा वर्षं गेली.

तेराव्या वर्षी राजेसाहेबांच्या मनात आलं की बागेच्या मधोमध कारंजं असावं. संक्रांतीच्या दिवशी कारभाऱ्यांनी सारजेला बोलावलं. तिळगूळ दिला आणि सांगितलं, "पाडव्यापर्यंत फूल दिसलं तर झाड राहील. नाही दिसलं तर पाडव्याला सकाळी तोडणार. मुहूर्त चांगला आहे." तिळगूळ हातात देऊन असं गोड बोलणारा माणूस मी तरी दुसरा ऐकला नाही.

सारजेने काय केलं असेल? दोन घागरी घालत होती, त्या चार केल्या. दुसरं तिला सुचणार तरी काय?

माघी पौर्णिमेला दुपारी बागेत एक म्हातारी आली. देवदर्शनाला निघालेली, पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून तेवढ्यात बाग बघायला आलेली. तुमच्यासारखीच पाहुणी. डोक्यावर पदर, काखेत गाठोडं, पाय धुळीने भरलेले. वऱ्हाडातल्या संत्र्यांच्या मुलखातली होती, असं तिच्या बोलण्यावरून सांगतात. सारजा भरली घागर घेऊन चालली होती. म्हातारीने पाणी मागितलं. सारजा म्हणाली, "थांबा जरा आजी, आधी झाडाला घालते." आणि तिने सगळी घागर झाडाच्या बुडात रिकामी केली.

म्हातारी रागावली नाही. ती झाडाकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, "काहून वं माय, ह्या झाडाले तू रोज पाणी देतं का?"

"रोज देते आजी. बारा वर्सं एक दिस चुकली न्हाई."

"अन् फुलते का?"

सारजेच्या डोळ्यांत पाणीच आलं म्हणे. तिने पाडव्याची सगळी हकीगत सांगितली. म्हातारी खाली बसली, बुडातली माती चिमटीत घेऊन तिने चोळून पाहिली आणि म्हणाली, "पाय माय, आमच्या इकडं संत्र्याले आम्ही ताण देतो. महिना-दीड महिना थेंब दावत नाई. पानं सुकते, गळते, पायवत नाई डोयानं. पन मंग फांदीवर मुगावानी डोये दिसले का पाणी सोडाचं. झाड फुलानं लदबदून जाते. लाडानं झाड वाढते, फुलत नाई."

"म्हंजी म्या माझ्या हातानं ह्याला तान्हेलं ठिवू?"

"दुसऱ्याच्या हातानं ठेवशीन तं त्याले ते मारून टाकतीन. तूच ठेव."

एवढ्यात गाडीची शिटी ऐकू आली. म्हातारी लगबगीने उठली आणि फाटकातून निघून गेली. सारजा झाडाकडे बघत उभीच राहिली. म्हातारी दिसेनाशी झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण तिला पाणी दिलं नाही. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दारी आलेल्या तहानलेल्या बाईला थांबवून आपण झाडाला पाजलं, आणि ती मात्र आपलं झाड वाचवायची युक्ती सांगून कोरड्या घशाने गेली.

त्याच संध्याकाळी सारजेने झाडाला हात लावून पण केला, असं सांगतात. ती म्हणाली, "तू तान्हेलं तंवर मीबी तान्हेली. दिस हाय तंवर थेंब घ्यायची न्हाई." आणि दुसऱ्या दिवसापासून तिने घागर उपडी ठेवली.

आता विचार करा. फाल्गुनातलं आमच्याकडचं ऊन, साऱ्या बागेला पाणी घालायचं काम, घागरीमागून घागरी डोक्यावरून जायच्या आणि ओठाला थेंब नाही. सूर्य मावळला की ती पाणी प्यायची. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली, महिन्यात सगळी गळली. बरोबरीचे माळी म्हणायला लागले की सारजा पाडव्याच्या धास्तीने खुळावली, झाडही मारते आणि स्वतःही मरते. कारभारी येऊन बघून गेले आणि म्हणाले, "चला, कुऱ्हाडीचा त्रास वाचला."

एक दिवस तिचाही धीर सुटला. ती भरली घागर घेऊन झाडापाशी आली आणि तिने ती तिरकीसुद्धा केली. कोण कुठली म्हातारी, घटकाभर भेटलेली, तिच्या शब्दावर बारा वर्षांचं झाड मारायचं? घागर तिरकी धरून ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिला म्हातारीचे धुळीने भरलेले पाय आठवले. जिला आपण घोटभर पाणी दिलं नाही तिने आपल्याला फसवायचं काय कारण? राग काढायचा असता तर ती काही न बोलता निघून गेली असती. सारजेने घागर सरळ केली आणि पलीकडच्या मोगऱ्याला नेऊन ओतली.

होळीला तर गंमतच झाली. बागेतले गडी वाळकी लाकडं गोळा करत हिंडत होते, ते कुऱ्हाड घेऊन इथेच आले. म्हणाले, "सारजाबाई, आयतं वाळलंय, होळीला देऊन टाका, तेवढंच पुण्य लागंल." सारजा झाडाला पाठ लावून बसली. म्हणाली, "पाडवा म्हंजी पाडवा. पंधरा दिस हायेत अजून. आधी माझी होळी करा." गडी मागे फिरले. कारभाऱ्यांनीही त्यांना पुन्हा धाडलं नाही, कारण पाडव्याचा शब्द त्यांचाच होता.

आणि रंगपंचमीच्या सकाळी तिला फांदीवर कळ्यांचे डोळे दिसले. मुगाएवढे. आधी तिला वाटलं, तहानेने आपल्यालाच भलतंसलतं दिसतंय. तिने बोट फिरवून पाहिलं, सगळ्या फांद्यांवर होते.

ती घागर भरायला धावली. भरून आणली, आणि झाडापाशी येऊन थबकली. तिच्या मनात आलं, हे पहिलं पाणी माझ्या हातचं नव्हे. मी लाडाने याचं नुकसान केलं. हे पाणी त्या पाहुणीच्या हातचं हवं. पण ती कुठे शोधायची? सारजा घागर घेऊन फाटकात जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने एक कासार आला, बांगड्यांचं ओझं पाठीवर, परगावचा, सावलीला म्हणून आत शिरलेला. सारजेने त्याला हात जोडले. तो बिचारा गडबडला. "अहो, मी बांगड्या विकणारा, मला कसला मान?" तरी तिने त्याला इथे आणलं, त्याच्या हातात घागर दिली, आणि त्याने झाडाला पाणी घातलं. मग तिने त्याला खोलीपाशी बसवून गूळ-पाणी दिलं. त्याने पाणी प्यायल्यावर मगच ती प्यायली. आणि तिने त्याला नाव विचारलं, गाव विचारलं. त्याने काय सांगितलं ते आता कुणाला आठवत नाही. तिने विचारलं, एवढं आठवतं.

पाडव्याला सकाळी लाकूडतोडे पूर्वेच्या फाटकातून आले. त्या फाटकातून हे झाड समोरच दिसतं. एक पान नाही आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पिवळं, खाली जमिनीवरही पिवळं. कुऱ्हाडी त्यांनी फाटकातच ठेवल्या आणि चपलाही काढल्या, असं सांगतात. राणीसाहेब आल्या आणि त्यांनी आपल्या गळ्यातली माळ सारजेला देऊ केली. सारजेने ती घेतली नाही. म्हणाली, "ह्ये माझं न्हाई. ज्या माउलीचं हाय तिला द्या." कारंजं मग पलीकडे बांधलं. ते तुम्ही मघाशी पाहिलंत, बहुतेक बंदच असतं.

सारजेने त्या म्हातारीला फार शोधलं. रेल्वेने वऱ्हाडात जाणाऱ्यांकडून निरोप धाडले, दर माघी पौर्णिमेला फाटकात जाऊन बसली. पत्ता लागला नाही. कुणी म्हणतात ती देवीच होती. मी म्हणतो, नव्हती. देवीला संत्र्याची बाग कशाला आणि गाडी चुकायची घाई कशाला? ती माणूसच होती, स्वतः तहानलेली असून दुसऱ्याच्या झाडाचा विचार करणारी. म्हणून तर तिचे उपकार मोठे. सारजा म्हातारी झाली तेव्हा तिने पुढच्या माळ्याला सांगितलं की आता ती बाई यायची नाही. तिचं देणं जो पाहुणा येईल त्याला देत जा.

आजही माघी पौर्णिमेपासून आम्ही हिला पाणी तोडतो, आणि हिला पहिलं पाणी मिळेतोवर हिच्यासमोर कुणी पाणी पीत नाही. आजही डोळे दिसले की पहिली घागर माळी घालत नाही, परगावचा पाहुणा घालतो. माझ्या चाळीस वर्षांत शाळेच्या मुलींनी घातली, एका ट्रक ड्रायव्हरने घातली, एका गोऱ्या बाईंनी घातली. एकालाही मी पुन्हा भेटलो नाही, आणि सगळ्यांची मला आठवण येते. माझं घर या बागेवर चाललं आणि ही बाग तुमच्यासारख्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. हे तोंडावर सांगायला माणसाला लाज वाटते, म्हणून बरं झालं हा रिवाज आहे.

आता जरा उठा आणि ही खालची फांदी बघा. बोट लावा, काही होत नाही. लागलं काही? आज सकाळीच दिसले. मघापासून सांगायचं धरून ठेवलं होतं.

काकू, इकडे या. नाही नाही, तुम्हीच. घागर तिथे कट्ट्यामागे भरून ठेवली आहे, जड आहे, मी खालून हात लावतो. सावकाश, अगदी बुंध्याशी. बास. झालं.

आता इथे सावलीला बसा. हा तांब्या आणि हा गूळ. मघाशी तुम्हाला तहानलेलं बसवलं त्याची माफी असावी. तुम्ही प्या, मग मी पितो. आणि आता सांगा बघू, आपलं नाव काय आणि गाव कुठलं?