कुलूप उघडं आणा

शेवंतीनगरात चुरमुरे-फुटाणे भाजून विकणाऱ्या सारजाबाईने लेकीच्या लग्नाचा शालू आणि डोरलं लोखंडी पेटीत ठेवलं, वरून नवंकोरं कुलूप घातलं, आणि ते कुलूप काही केल्या उघडेना. किल्ली आत जायची, पण फिरायची नाही. लग्न तर तीन दिवसांवर आलेलं. लोहाराने दोन छिन्न्या मोडून घेतल्या, कुलपाची तोंडभरून तारीफ केली आणि तो घरी गेला.

सारजाने पेटी डोक्यावर घेतली आणि कुलूप जिथून घेतलं त्या झुंबरशेटचं दुकान थेट गाठलं. शेटने कुलूप ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, कानाला लावून पाहिलं.

"बंद आहे," तो म्हणाला.

"तेच तर सांगतेय शेट. उघडत नाही."

"बाई, बंद राहणं हेच कुलपाचं काम. तुमचं तर जरा जास्तच मन लावून काम करतंय."

मग त्याने भिंतीवरची पाटी दाखवली. दुकानातून माल जसा नेला तसाच आणला तरच परत घेतला जाईल, असा नियम होता आणि खाली राजाची मोहोर होती. सारजाने कुलूप नेलं तेव्हा ते उघडं होतं. तेव्हा परत करायचं तर तिने ते उघडंच आणायला हवं होतं.

"आणि उघडलं तर?"

"उघडलं तर चांगलंच आहे की. मग परत कशाला देता?"

सारजा तडक दरबारात गेली. तिथला राजा रणधवल मनाने वाईट नव्हता, पण एकदा उमटवलेली मोहोर त्याने जन्मात मागे घेतली नव्हती. एका वर्षी त्याच्या हातून चुकून पावसाळा आश्विनात सुरू होईल असं फर्मान निघालं होतं. तेव्हापासून आषाढात छत्री उघडणाऱ्याला त्या राज्यात दंड होता. त्याने सारजाचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि नियम म्हणजे नियम असं सांगितलं. उद्या दुपारपर्यंत कुलूप उघडून आण, नाहीतर चांगल्या मालाची बदनामी केली म्हणून भर दरबारात शेटची माफी माग, असा निकाल दिला.

परतताना ती शेटच्या दुकानासमोर थबकली. एक कुंभार घराचं दार पाठीवर घेऊन उभा होता. चार दिवस त्याच्या घरचे कौलं काढून आत-बाहेर करत होते. शेजारी एक गवळी म्हैस घेऊन आला होता. साखळीचं कुलूप उघडेना म्हणून त्याने खुंटाही उपटून सोबत आणला होता. शेट दोघांनाही तेच सांगत होता, उघडं आणा. तेवढ्यात एक नवं गिऱ्हाईक आलं. शेटने फळीवरचं कुलूप काढलं, मग कोपऱ्यातल्या गोणीत न बघताच हात घातला आणि हाताला लागली ती किल्ली दिली. सारजाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुलपं चांगली होती, किल्ल्यांचीच खिचडी झाली होती! दिवेलागणीला शेटने दुकान बंद केलं ते काथ्याच्या दोरीने, सात गाठी मारून.

दुसऱ्या दिवशी पेटी पुढे ठेवून ती दरबारात उभी राहिली ती हात जोडूनच.

"महाराज, मी चुकले. असं कुलूप त्रिभुवनात नाही. माझ्या पेटीवर ते शोभत नाही. ते राजवाड्यातच हवं."

शेट खुलला. राजाही खुलला, कारण मुदपाकखान्यातून रोज पुरणपोळ्या चोरीला जात होत्या. त्याने लगेच शेटच्या दुकानातून कुलूप मागवलं. आता मात्र शेटला घाम फुटला. एवढंसं कुलूप राजाच्या दाराला कसं शोभेल, असं तो पुटपुटला. सारजा म्हणाली, शेट फार विनयशील आहेत. खराब आहे म्हणावं तर सारजाचंही कुलूप परत घ्यावं लागेल, म्हणून शेट मनातल्या मनात कुलदैवताला नवस बोलू लागला. राजाने मुदपाकखान्याचं दार ओढून घेतलं आणि स्वतःच्या हाताने कुलूप दाबलं. खट्!

आत आचारी होता. पुरणपोळ्या होत्या. जेवणाची वेळ होती.

किल्ली फिरली नाही. राजाने फिरवली, प्रधानाने फिरवली, सेनापतीने दोन्ही हातांनी फिरवली. दाराच्या फटीतून तुपाचा वास येत होता, आणि पोळ्या गार होताहेत हो, असं आचारी आतून दर थोड्या वेळाने कळवत होता.

"शेट, उघड हे," राजा गरजला.

"महाराज, किल्ली... जरा वेगळी दिसतेय."

"मग हे कुलूप आत्ताच्या आत्ता परत घे!"

सारजाने पदर सावरला. आपण काय बोलणार आहोत याची तिला स्वतःलाच धास्ती वाटत होती, पण शालू डोळ्यांसमोर होता.

"घेतील की महाराज, नक्की घेतील. आपण तेवढं उघडून आणून द्या. नियमाखाली मोहोर आपलीच आहे."

राजाने सारजाकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं. आतून आचारी म्हणाला, "बासुंदीवर साय धरली!" आणि राजाला असं हसू फुटलं की मुकुट प्रधानाला सांभाळायला द्यावा लागला.

मग दुकानातून किल्ल्यांची गोणी आणवून तिथेच उंबऱ्यावर रिकामी केली. शेट मांडी घालून एकेक किल्ली लावत बसला. एकशे त्रेचाळिसावी फिरली. राजाने अगोदर दोन पोळ्या खाल्ल्या, मग सारजाची पेटी पुढे घेतली. तिची किल्ली बरीच लवकर सापडली. झाकण उघडलं, तेव्हा सारजाने आधी शालूवरून हात फिरवला आणि मग डोळे पुसले. गोणीच्या मागोमाग आलेले कुंभार आणि गवळी दाराबाहेर म्हशीसकट ताटकळत होते. शेटने मुकाट्याने गोणी त्यांच्याकडे ओढली.

"सारजाबाई," राजा हसू आवरत म्हणाला, "लेकीच्या लग्नाचं जेवण आमच्या मुदपाकखान्यातून येईल. आचारीही येईल."

"आणि वाढायला, महाराज?"

"वाढायला झुंबरशेट. पाहुणे बस म्हणाले तरी वाढलेली पोळी त्याने परत घ्यायची नाही. नाहीतरी माल परत न घेण्याची सवय आहेच त्याला!"