परवा म्हणजे नेमकं कधी?

डोंगरउतारावरच्या एका रानात एक टिटवी राहत असे. तिचा आवाज असा खणखणीत, की पलीकडच्या खोऱ्यात झोपलेलाही दचकून उठावा. म्हणून रानाच्या सभेने दवंडीचं काम तिलाच दिलं होतं. त्या वर्षी सभा पाणवठ्याच्या पायऱ्यांचं माप ठरवणार होती. एकदा ठरलं, की साऱ्या रानात तेच. ज्याला काही सुचवायचं असेल, त्याने पानावर खूण करून ते साळिंदराकडे द्यायचं. साळिंदर आलेली पानं आपल्या काट्यांना टोचून ठेवी, त्यामुळे एकही हरवत नसे. गव्याने आधीच पान दिलं होतं : पायऱ्या चांगल्या गुडघाभर उंच हव्यात. आता मुलांनो, गव्याचा गुडघा केवढा असतो ते तुम्हीच बघा.

पाणवठ्याच्या तळ्यात एक कासवीण होती. अंडी घालायला तिला काठावर यावंच लागे. पायऱ्या गुडघाभर झाल्या तर ती बिचारी चढणार कशी? तिने सगळा चढ आपल्या पावलांनी मोजला, पानावर चार बोटं उंचीची खूण केली, पान तोंडात धरलं आणि साळिंदर राही, सभा भरे त्या टेकडीची वाट धरली.

इकडे पानं द्यायची मुदत दोन दिवसांवर आली, तशी टिटवी ओरडत सुटली, "मुदत परवा, मुदत परवा." दुसऱ्या दिवशीही तेच. शब्द जिभेवर बसले होते, बदलतंय कोण? खुद्द मुदतीच्या दिवशीसुद्धा बाईसाहेबांचं "मुदत परवा" चालूच.

त्या दुपारी साळिंदर पानं चाळत होतं. भारी चौकस प्राणी तो. "पाण्यावर येणाऱ्या सगळ्यांची पानं आली," ते पुटपुटलं, "मग पाण्यात राहणारीचंच कसं नाही?" सूर्य मावळला की सभा बसणार होती. त्याला काही चैन पडेना. तसंच उठून ते उतारावरून निघालं. पाहतं तर अर्ध्या वाटेवर कासवीण, पण तोंड तळ्याकडे.

"अगं, पान तर तुझ्याकडेच आहे. मग परत का चाललीस?"

कासविणीने पान खाली ठेवलं. तिला रडू आवरेना. "मुदत परवाच झाली ना? उशीर झाला मला."

"झाली? असं कोण म्हणालं?"

"टिटवी म्हणाली, मुदत परवा. होणार की होऊन गेली, ते काही तिने सांगितलं नाही. तोंडात पान, मी तरी विचारणार कशी?"

साळिंदराने पान काट्याला टोचलं, उन्हाकडे एकदा पाहिलं आणि टेकडीकडे धूम ठोकली. सभेत बरीच वादावादी झाली, पण माप चार बोटांचंच ठरलं. गवा म्हणाला, "मला काय, मी दोन-दोन पायऱ्या एकदम चढेन."

कासविणीचं पान जेमतेम पोचल्याचं कळलं, तशी दुसऱ्या दिवशी टिटवी फणफणत तळ्यावर आली. "तीन दिवस घसा फोडला मी. तरी तुला ऐकू आलं नाही, यात माझा काय दोष?"

"ऐकू आलं ना बाई," कासवीण म्हणाली. "तीनही दिवस नीट ऐकलं. म्हणून तर परत फिरले."

पुढच्या कामाची दवंडी द्यायची झाली, तेव्हा टिटवी सगळ्यांत आधी तळ्याकाठी उतरली. म्हणाली, "येत्या पौर्णिमेला, सूर्य मावळायच्या आत, पान साळिंदराकडे पोचलं पाहिजे. आता तू मला सांग, काय समजलीस?"

तात्पर्य : ओरडून सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही, ऐकणाऱ्याला नेमका दिवस उमगला, तरच सांगणाऱ्याचं काम पुरं झालं.