शाहीनची चूक

"आता तरी मला आत घ्याल का, ताई?"

मिरजेला इंदुमतीताई मगदुमांच्या सोप्यात बसून निनादने विचारलं. पुढ्यातला चहा निवत चालला होता.

ग्रंथालयांसाठी कुणीही फुकट वापरावं, कुणीही सुधारावं असं एक सॉफ्टवेअर ताईंनी सुरू केलं होतं. त्याच्या मदतीच्या पानांतल्या शुद्धलेखनाच्या चुका निनाद घरबसल्या दुरुस्त करून पाठवायचा. त्या लगेच पानावर दिसायच्या; ताई मागाहून तपासून त्या स्वीकारायच्या. पण त्याला हवा होता तो इतरांच्या दुरुस्त्या स्वीकारायचा अधिकार. त्यासाठी तो झुरत होता.

मुलगा हुशार होता, आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं.

"एकही चूक शिल्लक नाही," तो म्हणाला. "काल बसलो आणि सगळ्या काढून टाकल्या."

ताईंनी लॅपटॉप पुढे ओढला. बराच वेळ बघत राहिल्या.

"शाहीनचीपण?"

शाहीन वेंगुर्ल्याच्या एका वाचनालयात कामाला होती. एका चुकीखाली तिने लिहिलं होतं, ही मी दुरुस्त करू का, याआधी कधी केलेलं नाही. ताईंनी कळवलं होतं, करा, सावकाश करा. निनादने ते दोन्ही वाचलं होतं.

"किती दिवस झाले, ताई. अर्ध्या मिनिटाचं काम. तिच्याकडून काही येईना, म्हणून..."

"हं."

"आणि तुम्हाला दिसत होती, तर तुम्हीच का नाही काढलीत?"

ताईंनी मदतीचं पहिलं पान उघडलं.

निनादला स्वतःची पहिली दुरुस्ती आठवली. पहिल्याच पानावरची, मोठ्या अक्षरातल्या मथळ्यातली. ती चूक ताईंच्या नजरेतून सुटली कशी, याचं तेव्हा त्याला नवल वाटलं होतं. आणि आनंद तर केवढा झाला होता...

"ताई, ती माझी पहिली... तुम्ही मुद्दाम ठेवली होतीत?"

त्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि तो त्याच्यापुढे सरकवला.

अधिकार दिलेला होता.

त्याचे डोळे भरून आले. ते पुसून त्याने विचारलं, "पहिलं काम काय करू?"

"ती चूक परत घाल."

त्याने घातली. पान पुन्हा पूर्वीसारखं दिसू लागलं. खाली शाहीनचा प्रश्न तसाच होता.

"आता?"

"आता तिची वाट बघ."