एकदाच म्हटलेलं नको

"पण आक्का, निष्काम कर्म म्हणजे नेमकं काय? जरा नीट समजावून सांगा."

"कुणाला?"

"मला न्हवं. ह्यांना."

सर्जेराव पोवारांनी शेजारी बसलेल्या बाईंकडे हात केला. मान मात्र वळवली नाही.

प्रश्न दुसऱ्यासाठी विचारायचा असला की माणसाला अध्यात्म फार सुचतं. सर्जेराव पंप बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे अध्यक्ष. दर अमावस्येला गाडी काढून डोंगरावरच्या या मठात यायचे, नीलाक्कांच्या पायांवर डोकं ठेवायचे आणि हलके होऊन परत जायचे. या खेपेला ते कंपनीतल्या वासंती चौगुले यांना घेऊन आले होते. स्वतःला हलकं व्हायचं होतंच, पण त्याआधी बाईंना गप्प करायचं होतं.

नीलाक्का मठाच्या प्रमुख. वय झालेलं, आवाज चढा. गुळगुळीत बोलणं त्यांना कधी जमलं नाही आणि जमावं असंही वाटलं नाही.

"काय झालंय हिला?" आक्कांनी विचारलं.

"काही न्हाई. मन लागंना झालंय कामात. चिडचिड हुतीया."

"कशापायी?"

सर्जेराव घुटमळले. "संचालक मंडळात एक जागा रिकामी झालीया. आमच्या धैर्यशीलला घेतोय तिथं. पुतण्या माझा. तर ह्यांना जरा..."

"ही काय करते तुझ्याकडं?"

"अहो, सगळंच! कारखाना ह्याच बघतात. परदेशातला धंदा ह्यांनीच उभा केला. मंदीत बँकेच्या दारात ह्याच उभ्या राहिल्या. मी तर भाषणात सांगतो, चौगुले मॅडम म्हणजे आमच्या कंपनीचा कणा."

"आणि पुतण्या?"

"शिकून आलाय नुकताच. हुशार हाय."

आक्कांनी वासंतीबाईंकडे एकदा नीट बघून घेतलं.

"आणि बायकांना आम्ही डावलत न्हाई हं, आक्का," सर्जेराव घाईने म्हणाले. "बोर्डावर एक महिला हायच की. आमच्या वहिनी."

हे मात्र खरं होतं. कायद्याला एक बाई लागते, म्हणून वहिनी होत्या. सही करायच्या जागी पेन्सिलीची फुली मारून कागद त्यांच्या घरी जायचे. त्या फुलीवर सही करायच्या. ही गंमत सर्जेरावांनीच मागे एकदा आक्कांना हसत सांगितली होती. कंपनी कुठले पंप बनवते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते त्यांनी कधी विचारावं अशी सोयही ठेवलेली नव्हती. अशा खुर्चीला महिलांचा सन्मान म्हणायचं आणि वर वार्षिक अहवालात तिचा फोटो छापायचा! सांगतानासुद्धा संताप येतो.

"मग हिला माझ्याकडं कशाला आणलंस?"

"पुढच्या महिन्यात वार्षिक सभा हाय. धैर्यशीलच्या नावाला अनुमोदन ह्यांनी द्यावं अशी माझी इच्छा. बाईमाणसानं अनुमोदन दिलं की सभेत बरं दिसतं. पण ह्या तयारच होईनात. म्हटलं, आक्कांनी चार शब्द सांगितले तर..."

वासंतीबाई खाली बघत होत्या. डोळे कोरडे होते. हाताच्या मुठी मात्र पदराखाली आवळलेल्या होत्या.

"तुला काय पायजे गं?" आक्कांनी त्यांना विचारलं.

"मला राग येतो, आक्का. रोज येतो. मीटिंगमध्ये येतो, घरी स्वयंपाक करताना येतो. तो जावा म्हणून आले."

"का जावा?"

"सगळे म्हणतात, मॅडम पूर्वी किती शांत होत्या."

आक्का उठल्या. "आधी जेवा," एवढंच म्हणाल्या.

ओसरीवर तीनच पत्रावळी मांडल्या. मठाची रीत अशी की पाहुण्यांना स्वतः आक्का वाढायच्या. त्यांनी मीठ वाढलं, चटणी वाढली. मग भाकरीची बुट्टी घेऊन सर्जेरावांपुढे आल्या.

"भाकरी?"

"नको, नको. तुम्ही बसा की आधी, आक्का."

"बरं," आक्का म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

वासंतीबाईंना भाकरी वाढली. परत आमटीचं भांडं घेऊन आल्या.

"आमटी?"

"असू दे, आक्का. नको."

"बरं."

खीर आली. गव्हाची, गूळ घालून आटवलेली. तिचा वास ओसरीभर पसरला होता.

"खीर?"

सर्जेरावांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. अगदी थोडा, बोटं फाकवून, म्हणजे आग्रह केला तर खीर आत पडावी. "नको, बास."

"बरं."

आक्का स्वतः जेवायला बसल्या. भाकरी मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली. सर्जेरावांच्या पत्रावळीवर मीठ होतं आणि चटणी होती. ते थोडा वेळ चटणीकडे बघत राहिले. एवढा मोठा अध्यक्ष, पण स्वतःच्या तोंडाने भाकरी मागायची म्हणजे प्राणावर बेतल्यासारखं झालं.

शेवटी ते हसले. "आक्का, चेष्टा करताय व्हय?"

"कसली चेष्टा?"

"अहो, वाढलंच न्हाई की मला."

"तू नको म्हणालास."

"माणूस आधी नकोच म्हणतो की, आक्का! एकदम वाढा म्हटलं तर हावरटासारखं दिसतंय. रीत असते."

"मग खरंच नको असलं तर?"

"ते कळतंय की. दोनदा, तीनदा आग्रह करायचा. तरी नको म्हटलं तर मग नको."

आक्कांनी घास गिळला.

"पुतण्याला विचारलं होतंस?"

"व्हय तर. लाजला बिचारा. म्हणाला, काका, मी लहान हाय, मला नको. मग सगळ्यांनी मिळून समजूत काढली. त्याच्या आईनं काढली, मी काढली. रात्रीपर्यंत बसलो हुतो."

"आणि हिला?"

"ह्यांनाबी विचारलं! अन्याय न्हाई केला मी. केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं, मॅडम, बोर्डावर यायचं काय? तर म्हणाल्या, नको हो साहेब, मी काय..."

"मग?"

"मग काय? नको म्हणाल्या."

"किती वेळा विचारलंस?"

...

सर्जेरावांनी चटणीवरची माशी हाकलली.

"आक्का, ह्यांना मुळात इच्छाच न्हाई. कामात सुख मानणारं माणूस हाय. म्हणून तर मी म्हणतो, निष्काम कर्म..."

"तो नको म्हणाला तर लाजला," आक्कांचा आवाज चढला. "ही नको म्हणाली तर हिला इच्छा न्हाई. एकच शब्द, सर्जेराव. तुझ्या कानात शिरताना दोन कसं झालं त्याचं?"

सर्जेरावांनी पत्रावळ उगाच सरळ केली.

"निष्काम कर्म विचारत होतास न्हवं? सांगतो ऐक. फळाची इच्छा सोडायची. पण कुणी? ज्याच्या हातात फळ हाय त्यानं! जिच्या हाताला अजून लागलंच न्हाई, ती सोडणार काय? राबायचं हिनं, खायचं पुतण्यानं, आणि वर गीता ऐकायची ती पण हिनंच? लाज वाटत न्हाई तुला माझ्या ओसरीवर बसून हे बोलायला?"

आक्का संतापल्या की पुरुषासारखं 'सांगतो' म्हणायच्या. त्या बाजूच्या म्हाताऱ्या बायका तशाच बोलतात. पण त्या दिवशी सर्जेरावांना तेही टोचलं.

"तुमची गोष्ट वेगळी हाय, आक्का," ते पडत्या आवाजात म्हणाले. "तुम्ही गादीवर बसला, पण तुम्हाला गादीची इच्छा नव्हती. म्हणून तर आम्ही पाया पडतो."

"कोण म्हणालं तुला?"

"म्हणजे?"

"मला हवी हुती. गुरूंनी विचारलं, माझ्यामागं गादी कोण घेतं? मोठे मोठे शिष्य बसले हुते. एकेकानं मान खाली घातली. मी कसला, माझी कसली लायकी, मला नको... आणि डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघायलेत, गुरू आग्रह करतायत का म्हणून. मी मागं बसलेली, भांडी घासून आलेली. उभी राहिली आणि म्हटलं, मला द्या. मला येतंय ते काम."

"गुरू काय म्हणाले?"

"हसले. शिष्य न्हाई हसले. वर्षभर माझ्या हातचं पाणी प्यायले न्हाईत."

आक्का वासंतीबाईंकडे वळल्या. आवाजातला राग तसाच होता.

"आणि तू गं? का म्हणालीस नको?"

"मोठ्यांसमोर एकदम हो कसं म्हणायचं, आक्का? मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"पुन्हा विचारतील."

हे सांगताना त्यांचा आवाज थरथरला. इतकी कर्तबगार बाई. परदेशी गिऱ्हाइकाला भाव सांगताना जिची पापणी लवत नाही, ती आपल्या स्वतःच्या जागेसाठी पुन्हा विचारण्याची वाट बघत राहिली होती. आणि विचारणारा विचारून मोकळा झाला होता.

"हो म्हटलं असतं तर म्हणाले असते, बाईला हाव सुटली," त्या म्हणाल्या. "नको म्हटलं तर म्हणतात, इच्छाच नाही. मी म्हणायचं तरी काय?"

"राग घालवायला आलीस न्हवं? घालवू?" आक्का म्हणाल्या. "घालवतो. पण मग तुझ्याकडं उरेल काय? उद्या तुझ्यापुढंबी पेन्सिलीची फुली मारून कागद येतील. शांतपणानं सही कर."

...

वासंतीबाईंनी पदराखालची डावी मूठ सोडली. पत्रावळीवरचा उरलेला घास खाल्ला. आक्कांनी त्यांच्यापुढे खिरीचं भांडं धरलं. काही विचारलं नाही.

"वाढा," वासंतीबाई म्हणाल्या. "भरपूर वाढा."

सर्जेराव हे बघत होते. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. हा सगळ्यांचं भलं करत, हसतमुखाने वाट अडवून उभा होता. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि हात जोडले.

"चुकलं, आक्का. तुमच्या शब्दाखातर सांगतो. ह्या वेळचं घरात ठरून गेलंय, आता बदलता येत न्हाई. पण पुढच्या वेळी जागा झाली की मॅडमना घेतो. ऐकलं न्हवं, मॅडम? आक्कांच्या शब्दाखातर."

"नको," वासंतीबाई म्हणाल्या.

सर्जेरावांचा चेहरा एकदम उजळला. "बघा! बघा, आक्का! परत नकोच म्हणाल्या! आता मी आग्रह करतो, थांबा. असं काय करताय, मॅडम? हो म्हणा की. अहो, म्हणा की हो!"

"पुढच्या वेळी नको. आणि आक्कांच्या शब्दाखातर तर मुळीच नको." वासंतीबाईंचा आवाज आता थरथरत नव्हता. "कंपनीचे शेअर माझ्याकडेही आहेत, साहेब. ह्याच सभेसाठी अर्ज द्यायची मुदत अजून आहे. मी माझं नाव देतेय. ती जागा मला हवीय, कारण ते काम मला येतं. अनुमोदन तुम्ही द्या."

"मी?"

"तुम्हीच. अध्यक्षांनी अनुमोदन दिलं की सभेत बरं दिसतं."

...

सर्जेरावांनी आक्कांकडे बघून, अगदी गोंधळून विचारलं,

"आक्का... ह्या मागायल्यात की सांगायल्यात?"

"ऐकू आलं न्हवं तुला? मग तोंड हिच्याकडं कर की."