निघालेला राजा आणि वैतागलेलं गाठोडं

एकदा काय झालं, एक राजा गावाला निघाला. निघाला म्हणजे, "निघालो" असं म्हणाला. निघणं आणि निघालो म्हणणं यात फार अंतर असतं, बरं का. आज त्या अंतराचीच गोष्ट आहे. पाणी पिऊन झालंय ना सगळ्यांचं? मग पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

राजाचं नाव होतं धीरसेन. मोठा सज्जन माणूस. कधी कोणावर ओरडला नाही, कोणाला दारातून उपाशी पाठवलं नाही. फक्त घराबाहेर पडणं तेवढं त्याच्याच्याने होत नसे. असतात अशी माणसं. आपल्याही माहितीत होती.

त्याची राणी केसर. ती लांबची. उत्तरेला वाळूचा मुलूख आहे, तिथल्या सोनकोट नावाच्या जुन्या शहरातली. पिवळ्या दगडाचा तट, पिवळे वाडे, खिडक्यांना दगडातच कोरलेल्या जाळ्या. संध्याकाळचं ऊन पडलं की सगळं शहर तुपात परतल्यासारखं दिसायचं. तिथे वेशीवरच्या सज्जात राणीची म्हातारी आई एकटी बसलेली असायची.

एके दिवशी सोनकोटचा उंटवाला निरोप घेऊन आला. म्हणाला, "आईसाहेबांच्या डोळ्यांतला उजेड चाललाय. पुरता जायच्या आत एकदा लेकीचं तोंड बघायचं म्हणतात. दोन दिवस आलात तरी पुरे."

राणी उठलीच. "मी उद्या निघते," म्हणाली.

"अगं, मला टाकून?" राजा म्हणाला. "किती वर्षं ते शहर बघायचं मनात आहे माझ्या! थांब. नीट बेत आखू, दोघं मिळून जाऊ." आणि त्याचे डोळे भरून आले. राणीला दया आली. तिथेच चुकलं तिचं.

मग राजाने बेत आखायला घेतला. दिवाणखान्यातली बैठक उचलली आणि फरशीवर रांगोळीने अख्खं सोनकोट काढलं. हा किल्ला, ही पायऱ्यांची विहीर, हा जुना बाजार. आधी किल्ला की आधी विहीर? किल्ला आधी केला तर विहिरीवर ऊन. विहीर आधी केली तर किल्ल्यावर ऊन. राजा बोट दाताखाली धरून विचार करी.

"अहो, दोनच दिवस जायचंय!" राणी म्हणे.

"म्हणून तर! वेळ कमी, तेवढा बेत पक्का हवा."

राणी बिचारी आपल्याच घरात रांगोळी चुकवत भिंतीच्या कडेकडेने चालायची. केर काढायची सोय राहिली नाही.

मग जोशीबुवांनी मुहूर्त काढला. गुरुवारी, सूर्य उगवता. पण राजाचे वाळूत घालायचे जोडे शिवून झाले नव्हते. जोशीबुवा म्हणाले, "हरकत नाही महाराज, प्रस्थान ठेवा."

प्रस्थान ठेवायचं म्हणजे ठाऊक आहे का? मुहूर्त टळू नये म्हणून एक गाठोडं बांधायचं. त्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि आपल्या अंगावरचं एक वस्त्र ठेवायचं. मग ज्या दिशेला जायचं, त्या दिशेच्या एखाद्या घरी ते नेऊन ठेवायचं. तेवढं केलं की माणूस निघाला असं धरतात. मागून, सवडीने, तो जातो.

राजाने आपल्या उपरण्यात गाठोडं बांधलं. उत्तरेच्या वेशीला ठकू कासारणीचं घर होतं, तिथे पाठवून दिलं. आणि झोपाळ्यावर बसून पान लावायला घेतलं.

"अहो, निघायचं ना?"

"निघालो की!" राजा म्हणाला. "शास्त्राने आपण आत्ता वेशीपाशी आहोत."

काय बोलायचं अशा माणसाला?

जोडे आले. तोवर बरेच दिवस उलटून प्रस्थान शिळं झालं. गाठोडं परत आलं. मग दुसरा मुहूर्त काढला, दुसऱ्यांदा गाठोडं गेलं. राजा म्हणाला, "पन्ह्याशिवाय वाळवंटात जायचं? ऊन लागेल. झाडाला कैऱ्या धरू देत." झाडाला तेव्हा मोहोरसुद्धा नव्हता. उंटवाला पुन्हा आला. म्हणाला, "आईसाहेबांना समोरचं माणूस दिसतं, पण कोण ते ओळखू येत नाही."

मग कैऱ्या आल्या, पन्हं झालं, तिसऱ्यांदा गाठोडं गेलं. आणि राजाचं मांजर रांगोळीतल्या सोनकोटावरून चालत गेलं. विहीर पुसली, निम्मा बाजार पुसला.

"मांजर आडवं गेलं!" राजा कपाळाला हात लावून म्हणाला. "आता कसं निघणार?"

"अहो, आपलंच मांजर आहे ते! दूध प्यायला चाललं होतं!"

"आडवं गेलं की नाही, एवढं सांग."

तेवढ्यात उंटवाला तिसऱ्यांदा आला. या वेळी त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "आईसाहेबांना आता नुसते रंग दिसतात."

राणी उठली. गाठोडं परत आणायला म्हणून स्वतःच कासारणीकडे गेली. ओसरीवर बसली आणि तिला रडू फुटलं.

ठकू कासारीण जिभेची तिखट. बांगड्या पुसता पुसता म्हणाली, "राणीसाहेब, तीनदा आलं हे बोचकं माझ्या घरी. तीनदा ह्या कोनाड्यात ठेवलं, दोनदा परत दिलं. एक विचारू? ह्याच्यात तुमचं काय आहे?"

"माझं?"

"उपरणं महाराजांचं. मुहूर्त महाराजांचा. जायचंय कोणाला?"

राणीचं रडू थांबलं. खरंच की! तिच्या अंगावर माहेरची ओढणी होती, पिवळी, लाल ठिपक्यांची. तिने तिचा काठ टर्रकन फाडला आणि गाठोड्याला घट्ट बांधला.

आणि काय झालं असेल? गाठोडं थरथरलं. कोनाड्यातून टुणकन खाली उडी मारली. "झालं एकदाचं!" म्हणालं. "कंटाळा आला त्या कोनाड्याचा!" आणि वेशीतून उत्तरेला गडगडत सुटलं.

राणी धावली मागे. पण तिकडे वाड्यात काय झालं, बरं का! गाठोड्यात राजाचं उपरणं होतं ना? शास्त्राने राजा निघालेलाच होता ना? मग प्रस्थान चाललं की राजाला जायलाच हवं! झोपाळ्याच्या कड्या खाडखाड निखळल्या आणि राजासकट झोपाळा खिडकीतून बाहेर पडला. राजाच्या एका हातात पान, दुसऱ्या हातात अडकित्ता.

"अगं! जोडे! माझे जोडे राहिले!" राजा ओरडत होता.

झोपाळा राणीच्या शेजारी येऊन थांबला. राणीने पदर खोचला आणि म्हणाली, "सरका जरा." चढून बसली. झोपाळा निघाला.

पहिल्यांदा लागलं बाभळीचं रान. काट्यांतून वाट दिसेना. गाठोड्याने हळकुंड टाकलं. हळकुंड पडलं तिथून पिवळीधमक वाट उमटत गेली.

"हे बेतात नव्हतं," राजा म्हणाला.

मग लागलं वाळूचं रान. इकडे वाळू, तिकडे वाळू, पाण्याचा टिपूस नाही. आणि पन्ह्याचा घडा? तो घरी! गाठोड्याने तांदूळ उधळले. कुठून कोण जाणे, पारव्यांचा थवा उतरला, दाणे टिपले आणि उडत उडत थेट पाण्याच्या टाक्यावर घेऊन गेला. राजा ओंजळीने पाणी प्यायला. म्हणाला, "पन्ह्याहून गोड आहे गं!"

राणीने त्याला हाताला धरून पुन्हा झोपाळ्यावर बसवलं.

मग आली सोनकोटची वेस. दिवस कलला होता, सगळं शहर तुपात परतल्यासारखं झालं होतं. दरवाजावरचा शिपाई म्हणाला, "आमंत्रणाशिवाय दार उघडायचं नाही." गाठोड्याने सुपारी पुढे केली. सुपारी म्हणजेच आमंत्रण, तिला नाही कोण म्हणणार? दार उघडलं.

गाठोडं जिना चढून सज्जात गेलं, मागोमाग राणी. आता आत नुसतं उपरणं उरलं होतं आणि वर तो ओढणीचा काठ. म्हातारीला अंधुक काहीतरी दिसलं. पिवळं. त्यावर लाल. तिने हात पुढे केले.

"केसर? आलीस?"

"आले गं आई."

म्हातारीने लेकीचं तोंड ओंजळीत धरून जवळ आणलं, अगदी नाकाला नाक लागेपर्यंत. विझता दिवा एकदा मोठा होतो ना, तसे तिचे डोळे मोठे झाले. स्वच्छ दिसायला लागलं.

"केस पांढरे झाले गं तुझे!"

"तयारी करून," राणी म्हणाली. आणि दोघी हसल्या, आणि दोघी रडल्या.

मग दोन दिवस म्हातारीने दुसरीकडे पाहिलंच नाही. लेक जेवताना पाहिली, लेक वेणी घालताना पाहिली, लेक झोपलेली पाहिली. राजाही किल्ल्यावर गेला नाही, की विहिरीवर गेला नाही. सासूबाईंच्या शेजारी बसून राहिला.

"जावईबापू, शहर बघायचं राहिलं की तुमचं," म्हातारी म्हणाली.

"हो ना. सगळा बेत आखला होता."

"राहू द्या. काही राहिलं म्हणजे माणूस पुन्हा येतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी उजेड गेला. म्हातारी उठली, इकडे तिकडे मान वळवली आणि म्हणाली, "बघून झालं माझं." तिने कुरकुर केली नाही. मग झोपाळ्यावर तिघंही बसली, मधे म्हातारी, आणि सगळी राजाच्या घरी आली. झोपाळा पुन्हा कड्यांना लागला. गाठोडं म्हातारीच्या उशाला गेलं.

पुढे ती खूप वर्षं त्यांच्याकडे सुखाने राहिली. डोळे नव्हते, पण कान असे तिखट! कधी राजा झोपाळ्यावरूनच म्हणाला, "निघालो हं," की आतून आवाज यायचा, "जावईबापू, पावलं नाही वाजली!" मग राजा मुकाट्याने उठायचा. सोनकोटला ती सगळी दर साल जायची. दरवेळी काहीतरी बघायचं राहायचंच.

झाली गोष्ट. आता झोपेच्या गावाला जायचं. नाही, पाणी नको, आत्ताच प्यायलास. मांजरही आडवं गेलेलं नाही, ते कधीच झोपलंय. एक डोळा मिटा, ते प्रस्थान. हं. आता दुसरा.